बटाट्याचा श्वास

मागच्या महिन्यात चार दिवस हिंजवडीला भाचीकडे गेले होते. तिथल्या फेज टूमध्ये बायोटेक पार्क आहे, तिथल्याच एका प्रयोगशाळेत ती नोकरी करते आणि घरी आली की नेटच्या परीक्षेचा अभ्यास. आपण ओट्यावर कालनिर्णय लावतो ना, तिने तिथे एक मोठा तक्ता चिकटवलाय. गोल गोल फिरणारे बाण आणि त्यावर जीभ अडखळेल अशी नावं. चहा उकळेपर्यंत दोन नावं पाठ होतात म्हणे! मी विचारलं हे काय, तर म्हणाली सायट्रिक आम्लचक्र. ढोकळ्यात घालतो तेच सायट्रिक ॲसिड, पण आपल्या पेशींत तयार होणारं.

मग तिने मला ते समजावलं, आणि खरं सांगते, विरजणाचं उदाहरण दिलं तेव्हाच डोक्यात शिरलं. आपण भाकरी खाल्ली काय किंवा तूप खाल्लं काय, शेवटी त्याचा दोन कार्बनचा एक छोटा तुकडा उरतो. पेशीत चार कार्बनचा एक पदार्थ वाट पाहत असतो, त्याला हा तुकडा जोडला की सहा कार्बनचं सायट्रिक आम्ल होतं. पुढे एकेक विकर, म्हणजे एन्झाइम, आपापलं काम करतं. आठ पायऱ्या, आठ विकरं. सायट्रेट सिंथेज जोडतं, ॲकोनिटेज नुसती जागा बदलतं, नंतरची काही हायड्रोजन काढून घेतात. वाटेत दोन कार्बन वायू होऊन बाहेर पडतात, तो आपला उच्छ्वास. आणि शेवटी पुन्हा चार कार्बनचा तोच पदार्थ उरतो, पुढच्या फेरीला विरजण म्हणून. हान्स क्रेब्ज यांनी हे चक्र १९३७ मध्ये इंग्लंडमधल्या शेफिल्डला कबुतराच्या छातीच्या स्नायूवर काम करून मांडलं. एका नामवंत नियतकालिकाने त्यांचा लेख परत पाठवला होता. पुढे १९५३ मध्ये त्यांना याच कामासाठी नोबेल मिळालं.

पण काढून घेतलेला हायड्रोजन जातो कुठे? आग लागली की माणसं रांगेत उभी राहून बादल्या हातोहात पुढे देतात, तशी पेशीतही एक रांग आहे. हायड्रोजनमधले इलेक्ट्रॉन एकाकडून दुसऱ्याकडे जात शेवटी प्राणवायूपर्यंत पोचतात, त्याचं पाणी होतं आणि शरीराला शक्ती मिळते. या रांगेत अगदी शेवटाकडे सायटोक्रोम सी नावाचं लोह असलेलं एक प्रथिन उभं असतं. भाचीने त्या नावावर बोट ठेवलं आणि म्हणाली, मावशी, हे बटाट्यात शोधणारी बाई आपली मराठी होती. कमला भागवत!

मला दुर्गा भागवत माहीत. ‘ऋतुचक्र’ लिहिणाऱ्या, १९७५ मध्ये कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष म्हणून आणीबाणीविरुद्ध ठाम उभ्या राहिलेल्या. त्यांची ही धाकटी बहीण, पुढच्या कमला सोहोनी. थोरली ऋतूंच्या चक्रात रमली आणि धाकटी पेशीतल्या, काय घर असेल ते!

वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्र शिकलेले, बंगळूरच्या टाटांच्या विज्ञान संस्थेचे विद्यार्थी. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. उत्तम गुणांनी पास झाल्यावर कमलाबाईंनीही साहजिकच त्याच संस्थेत अर्ज केला. अर्ज नामंजूर झाला. कारण एकच, अर्ज करणारी मुलगी होती. संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन, तीनच वर्षांपूर्वी नोबेल मिळालेले. एवढ्या मोठ्या माणसाचं नाही म्हणजे एखादीने गुपचूप घरचा रस्ता धरला असता. कमलाबाई बंगळूरला जाऊन त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि कारण विचारलं. शेवटी प्रवेश मिळाला तो अटींवर. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून नाही, परीक्षा म्हणून. काम पसंत पडलं तरच पुढे. मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंतसुद्धा काम करायचं. आणि संस्थेचं वातावरण बिघडू द्यायचं नाही.

ही शेवटची अट मी दोनदा वाचली. मुलगी प्रयोगशाळेत आली की वातावरण बिघडतं, हे तेव्हा कुणालाच वावगं वाटलं नसावं. भाचीला एका मुलाखतीत विचारलं होतं, लग्न कधी करणार आणि मग रात्रपाळीचं काय? शेजारच्या मुलाला नव्हतं विचारलं. ती हसत हसत सांगते, पण सांगते मात्र दर वेळी.

कमलाबाईंनी अटी मान्य केल्या, कारण शिकायचं होतं. श्रीनिवासय्या नावाचे कडक गुरू मिळाले आणि त्यांच्या हाताखाली दूध, डाळी, कडधान्यं यांतल्या प्रथिनांचं काम सुरू झालं. आपल्या देशात ज्यांच्या ताटात दुसरं काही नसतं, त्यांच्या जेवणातलं ते प्रथिन. वर्षअखेर रामन यांनी मान्यता दिली, १९३६ मध्ये एम.एस्सी. झालं आणि मुलींसाठी त्या संस्थेचं दार उघडलं. रामन थोर शास्त्रज्ञ होते हे त्या मान्य करत, पण केवळ स्त्री म्हणून झालेला अपमान आयुष्याच्या शेवटीही विसरल्या नव्हत्या आणि तसं जाहीरपणे बोलल्यासुद्धा. मला हे फार आवडलं. आपण किती पटकन जाऊ दे म्हणतो!

तिथून त्या गेल्या केंब्रिजला. प्रमुख होते जीवनसत्त्वांसाठी नोबेल मिळालेले सर फ्रेडरिक हॉपकिन्स. जर्मनीतून ज्यू म्हणून नोकरी गमावून आलेल्या क्रेब्ज यांनाही १९३३ मध्ये याच हॉपकिन्स यांनी आसरा दिला होता. कमलाबाई आधी डेरेक रिक्टर यांच्याबरोबर आणि मग रॉबिन हिल यांच्या मार्गदर्शनाखाली वनस्पतींवर काम करू लागल्या. समोर बटाटा. तो चिरून ठेवला की काळा पडतो, हे तुम्हा-आम्हाला ठाऊक, ती करामत वेगळ्याच विकराची. त्या शोधत होत्या ते बटाटा श्वास कसा घेतो. आपण आणि झाडं यांत जमीन-अस्मानाचा फरक वाटतो, पण सायटोक्रोम सी त्यांना वनस्पतीच्या पेशीतही सापडलं. म्हणजे टोपलीत गुपचूप पडलेला बटाटासुद्धा आपल्यासारखाच हातोहात बादल्या पुढे देत असतो.

हा सगळा उद्योग अवघ्या चौदा महिन्यांचा, आणि प्रबंध किती पानांचा? चाळीस! भाची म्हणते, तिच्या सरांना इतका छोटा प्रबंध दाखवला तर परत पाठवतील. १९३९ मध्ये पीएच.डी. मिळाली. तिथेच राहिल्या असत्या तर काय काय केलं असतं, पण देशात काम करायचं म्हणून त्या परतल्या. दिल्लीचं लेडी हार्डिंग कॉलेज, मग कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा. १९४७ मध्ये माधव सोहोनींशी लग्न होऊन मुंबईला आल्या आणि विज्ञान संस्थेत शिकवू लागल्या.

इथलं नीरेवरचं काम त्यांचं सगळ्यात लाडकं असावं. नीरा म्हणजे ताडा-माडाचा पहाटे काढलेला ताजा रस, आंबला की ताडी होते. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी सुचवलं म्हणून तिची तपासणी सुरू झाली. त्यात जीवनसत्त्वं आणि लोह असल्याचं त्यांनी दाखवलं, आणि आदिवासी मुलांना व गरोदर बायांना ती दिल्यावर तब्येत सुधारली. औषधाच्या बाटलीपेक्षा कितीतरी स्वस्त. यासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आरे दूध प्रकल्पालाही त्यांनी सल्ला दिला.

संचालकपद मात्र हक्काचं असून चार वर्षं लांबवलं गेलं. बंगळूरला दाराबाहेर उभं केलं होतं, आता आत येऊन इतकी वर्षं झाली तरी खुर्चीपाशी थांबवलं! मिळालं तेव्हा त्यांनी ते नेटाने सांभाळलं.

निवृत्तीनंतर स्वस्थ बसणं जमलं नाही. ग्राहकांच्या संघटनेत रमल्या, १९८२-८३ मध्ये तिच्या अध्यक्ष झाल्या आणि ‘कीमत’ नावाच्या मासिकात घरातल्या वस्तूंच्या सुरक्षिततेवर लिहीत राहिल्या. केंब्रिजच्या विदुषीने वाण्याच्या पुडीची चौकशी करायची! १९९८ मध्ये दिल्लीला त्यांचा सत्कार होता. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात गेल्या.

निघायच्या आदल्या रात्री मी बटाट्याची भाजी केली. भाची ओट्याला टेकून ॲकोनिटेजनंतर काय ते आठवत होती. मला आठवलं, तिला नाही.