लोकनायक अणे : प्रांत आणि राष्ट्र

राष्ट्र एक राहावे म्हणून प्रांतांनी आपली ओळख पुसावी काय? १९३९ साली सयाम देशाने थायलंड हे नाव घेतले, तेव्हा उत्तरेच्या वा दक्षिणेच्या लोकांनीही स्वतःस केवळ थाई म्हणवावे, असे फर्मान तेथील शासनाने काढले. आपल्याकडे लोकनायक माधव श्रीहरी अणे यांच्या जीवनाने या प्रश्नाला निराळे उत्तर दिले.

बापूजी अण्यांचा जन्म २९ ऑगस्ट १८८० रोजी वणी येथे झाला. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकून त्यांनी यवतमाळला वकिली केली. ते टिळकांचे निष्ठावंत अनुयायी होते. १९३० च्या जंगल सत्याग्रहात पुसदला कायदा मोडून त्यांनी कारावास पत्करला. १९४१ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. परंतु १९४३ मध्ये गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी त्यांनी ते पद सोडले. १९४८ ते १९५२ ते बिहारचे राज्यपाल होते.

१९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाने विदर्भाचे वेगळे राज्य सुचविले. ते झाले नाही. उलट १९५६ मध्ये नागपूरचे राजधानीपण गेले आणि आपल्या सदरजवळच्या विधानभवनातील जुन्या मध्य प्रदेशाचा कारभार थांबला. १९६२ मध्ये, ऐंशी वर्षे उलटल्यावर, वेगळ्या विदर्भाचा पुरस्कार करणारे अणे नागपुरातून लोकसभेवर निवडून आले. २६ जानेवारी १९६८ रोजी, प्रजासत्ताकदिनीच, ते निवर्तले.

त्यांची मागणी कुणाला पटो वा न पटो. देशासाठी तुरुंगात गेलेल्या माणसाने प्रांतासाठी मते मागितली, यात द्रोह कोठे होता?