पालवणकर बाळू : मैदानातील जय, मतपेटीतील पराजय

बौद्ध समाजाने चालविलेल्या निवासी विद्यालयाच्या स्मरणिकेत, 1937 च्या निवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विरोधात उभ्या राहिलेल्या गृहस्थांचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. आमच्या मते, नेमके तेच हे चरित्र छापण्याचे कारण आहे. बाळूंचे नाव आपल्या घरांत घेतले जाते ते बहुधा त्या एका निवडणुकीपुरते. त्याआधीची चाळीस वर्षे मात्र कोणी सांगत नाही.

पालवणकर बाळू यांचा जन्म 1876 साली धारवाड येथे एका चर्मकार कुटुंबात झाला. वडील लष्करात नोकरीस असल्याने बालपण पुण्यात गेले. शिक्षण फारसे झाले नाही. पारशांच्या क्रिकेट क्लबात मैदान झाडणे आणि खेळपट्टीवर रूळ फिरविणे हे त्यांचे पहिले काम. पगार महिना तीन रुपये. पुढे ते गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात चार रुपयांवर गेले. तेथे कॅप्टन ग्रेग नावाचे नामांकित फलंदाज सरावासाठी त्यांना तासन्तास गोलंदाजी करावयास लावीत. बाळूंनी बाद केले की ग्रेगसाहेब दर वेळी आठ आणे देत, अशी आख्यायिका आहे. त्या सरावातून एक अव्वल डावखुरा फिरकी गोलंदाज घडला. बॅट मात्र त्यांच्या हाती कोणी दिली नाही. फलंदाजी साहेबांनी करावयाची आणि चेंडू चाकराने टाकावयाचा, हा तेथला रिवाज होता.

पुण्याच्या हिंदू क्रिकेटपटूंना साहेबांना हरवावयाचे होते आणि साहेबांना बाद करणारा गोलंदाज तर अस्पृश्य! वाद झाला, पण अखेरीस विजयाच्या ओढीने बाळूंना संघात घेण्यात आले. मैदानावर सारे त्यांनी टाकलेल्या चेंडूला हात लावीत. चहाच्या वेळी मात्र त्यांना मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे आणि इतरांना चिनी मातीच्या कपात. जेवणाचे पानही वेगळे. हा प्रसंग आम्ही मुद्दाम विस्ताराने देत आहोत. मिळालेला विजय सर्वांचा होता, पण तो मिळवून देणारा हात कोणाला आपला वाटत नव्हता. पुढे साताऱ्याच्या युरोपियन जिमखान्याला बाळूंनी लोळविले, तेव्हा न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्या थोरांनी त्यांचा जाहीर सत्कार केला. त्यानंतर पंक्तीतील भेद हळूहळू सैलावले. यश मिळाले म्हणून जो मान लाभतो, तो यश नसताना का लाभू नये, हा प्रश्न मात्र तेव्हा फारसा कोणी विचारला नाही.

प्लेगच्या सुमारास बाळू मुंबईस आले, रेल्वेत नोकरी करू लागले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. 1906 साली हिंदूंनी युरोपियनांना 109 धावांनी हरविले, त्या विजयात बाळू आणि त्यांचे बंधू शिवराम या दोघांचाही मोठा वाटा होता. 1911 साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाने प्रथम दर्जाचे 14 सामने खेळून केवळ दोन जिंकले. पण त्या दौऱ्यात बाळूंनी एकूण 114 बळी घेतले. हरणाऱ्या संघात राहून दिवसेंदिवस तितक्याच निष्ठेने गोलंदाजी करीत राहणे आम्हांला 1906 च्या विजयाहूनही मोठे वाटते.

असे असूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. 1920 साली तर बाळूंना संघातून वगळले गेले आणि धाकटे बंधू विठ्ठल यांना डावलून कर्णधारपद दुसऱ्याकडे देण्यात आले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी जाहीर निषेध नोंदवून खेळण्यास नकार दिला. मैदानावर हरण्याची लाज त्या भावंडांना कधी वाटली नाही, परंतु जन्मावरून आधीच हरविले जाणे त्यांनी निमूटपणे सोसले नाही. पुढच्या सामन्यासाठी बाळूंना उपकर्णधार करून परत बोलवावे लागले. 1923 साली विठ्ठल कर्णधार झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदूंनी युरोपियनांना नमविले.

तरुण भीमराव आंबेडकरांना बाळूंचा अभिमान होता. पुढे मात्र वाटा वेगळ्या झाल्या. स्वतंत्र मतदारसंघाचा प्रश्न आला तेव्हा बाळू एम. सी. राजा यांच्या बाजूने, म्हणजे बाबासाहेबांच्या विरुद्ध पक्षात होते. तरी 1932 च्या पुणे करारावर दोघांच्याही सह्या आहेत. 1935 च्या येवल्याच्या घोषणेतील धर्मांतराचा विचारही त्यांना पटला नाही. आम्ही त्याच वाटेने आलेली माणसे आहोत. बाळूंचा हा निर्णय आम्हांला मान्य होणे शक्य नाही. पण त्यांना लाचार म्हणणे आम्हांला अन्यायाचे वाटते. ज्या समाजाने चहा बाहेर दिला, त्याच समाजाने पुढे आत बोलावले, हा बदल त्यांनी एका आयुष्यात पाहिला होता आणि त्यावर विश्वास ठेवला. बाबासाहेबांना तो बदल फार थोडा आणि फार उशिराचा वाटला. दोघांच्या अनुभवांतील हे अंतर आहे.

1937 च्या मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने बाळूंना उभे केले. बाबासाहेबांना 13,245 मते पडली, बाळूंना 11,225. अंतर 2,020 मतांचे. ही मते ज्यांनी दिली, ती माणसेही मुंबईच्या कामगार वस्त्यांतलीच होती. बाळूंचा खेळ पाहिलेली कित्येक त्यांत असतील.

4 जुलै 1955 रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले. प्रथम दर्जाच्या 33 सामन्यांतील त्यांचे 179 बळी नोंदवहीत आहेत. बंधू विठ्ठल यांचे मराठीतील आत्मचरित्रही उपलब्ध आहे. आपल्या मुलांनी ते वाचावे, अशी आमची इच्छा आहे.