उडत्या तबकड्या आणि डॉ. हायनेक

डॉ. जोसेफ ॲलन हायनेक यांचा जन्म १ मे १९१० रोजी शिकागो येथे झाला, तेव्हा आकाशात हॅलेचा धूमकेतू होता. २७ एप्रिल १९८६ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हाही तोच धूमकेतू सूर्याला वळसा घालून परत निघाला होता. खगोलशास्त्रज्ञाला याहून शोभणारा योगायोग कोणता? मात्र जगाने त्यांना ओळखले ते धूमकेतूमुळे नव्हे, तर उडत्या तबकड्यांमुळे.

चेक वंशाच्या आईवडिलांचा हा मुलगा १९३५ मध्ये शिकागो विद्यापीठाचा डॉक्टरेट झाला आणि पुढल्याच वर्षी ओहायो स्टेट विद्यापीठात रुजू झाला. जोडताऱ्यांचे वर्णपट हा त्यांचा अभ्यासविषय. १९४७ च्या जूनमध्ये केनेथ अर्नोल्ड या वैमानिकाने माउंट रेनियरजवळ नऊ चकाकत्या वस्तू वेगाने जाताना पाहिल्याचे सांगितले आणि अमेरिकाभर तशाच वार्तांचे पेव फुटले. हवाई दलाने चौकशी आरंभली. तिचे ठाणे ओहायोतीलच डेटन येथील तळावर होते आणि हायनेक हे जवळच सापडणारे खगोलशास्त्रज्ञ. लोकांनी पाहिलेल्या वस्तूंपैकी शुक्र किती, उल्का किती, हे निवडून देणे एवढेच त्यांचे काम होते. ते त्यांनी प्रामाणिकपणे केले. हे खूळ लवकरच ओसरेल, असाच त्यांचाही समज होता.

परंतु ते ओसरले नाही. १९५२ च्या जुलैमध्ये खुद्द वॉशिंग्टनच्या रडारवर अनोळखी ठिपके उमटले आणि सरकार हादरले. शीतयुद्धाचे दिवस होते. भीती परग्रहवासीयांची नव्हती. अफवांच्या गर्दीत दळणवळणाच्या वाटा तुंबल्या आणि नेमके तेव्हाच रशियाने विमाने धाडली तर काय, ही होती. १९५३ च्या जानेवारीत सीआयएने डॉ. रॉबर्टसन यांच्या अध्यक्षतेखाली शास्त्रज्ञांची समिती बसवली. या विषयाभोवतीचे गूढ प्रसारमाध्यमांच्या द्वारे उतरवावे आणि हौशी संशोधकांच्या संस्थांवर नजर ठेवावी, असे तिने सुचवले. हायनेक या बैठकांना सहयोगी म्हणून हजर होते. तिचा अहवाल अनेक वर्षे गोपनीय राहिला. १९५४ च्या हवाई दलाच्या नियमाने तर वृत्तपत्रांना फक्त उलगडलेलीच प्रकरणे सांगण्याची मुभा ठेवली. न उलगडलेली कपाटात गेली, आणि कपाट बंद आहे म्हटल्यावर आत काहीतरी भयंकर असणारच, असे लोकांना वाटू लागले.

मधल्या काळात हायनेक स्मिथसोनियन वेधशाळेत कृत्रिम उपग्रहांचा माग काढणारी यंत्रणा उभी करीत होते. १९५७ मध्ये स्पुटनिक उडाला, तेव्हा ही तयारी कामी आली. त्यांच्या बारा कॅमेरा-केंद्रांपैकी एक आपल्याकडे नैनितालला होते.

१९६६ चा मार्च त्यांच्या आयुष्याला कलाटणी देणारा ठरला. मिशिगन राज्यात डेक्स्टर आणि हिल्सडेल येथे अनेकांनी, त्यांत महाविद्यालयीन मुलींनीही, दलदलीवर तरंगणारे दिवे पाहिले. कुजलेल्या पाल्यातून निघणाऱ्या वायूचा हा प्रकाश असावा, म्हणजे आपल्या खेड्यांतला आग्यावेताळच, अशी शक्यता हायनेक यांनी डेट्रॉइटच्या पत्रकार परिषदेत मांडली. शक्यता म्हणून मांडलेली गोष्ट वृत्तपत्रांनी निर्णय म्हणून छापली. व्यंगचित्रकारांना विषय मिळाला. मिशिगनचे प्रतिनिधी जेराल्ड फोर्ड, जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांनी संसदीय चौकशीची मागणी केली. सरकारच्या वतीने सारवासारव करणारा पंडित, अशी हायनेक यांची प्रतिमा झाली.

ती सर्वस्वी अन्यायाची होती, असे म्हणवत नाही. काही प्रकरणांत पुरेशी चौकशीच होत नाही, हे त्यांना ठाऊक होते. तरीही ते बराच काळ गप्प राहिले. भांडण केले तर कागद पाहायला मिळणार नाहीत, हे त्यांचे कारण. ते खोटे नव्हते, पण सोयीचेही होते.

१७ डिसेंबर १९६९ रोजी 'ब्लू बुक' प्रकल्प गुंडाळण्यात आला. १२,६१८ नोंदींपैकी ७०१ चा उलगडा झाला नव्हता. त्यानंतर हायनेक मोकळेपणाने लिहू लागले. १९७२ च्या त्यांच्या पुस्तकात निकट भेटींचे तीन प्रकार आले: जवळून दिसणे, मागे खुणा राहणे आणि आत कोणी जीव दिसणे. १९७३ मध्ये त्यांनी स्वतंत्र अभ्यासकेंद्र काढले. तिसऱ्या प्रकाराचे नाव घेऊन स्टीव्हन स्पीलबर्गने १९७७ मध्ये चित्रपट काढला. त्यात पाइप ओढणारे, दाढीधारी हायनेक क्षणभर दिसतात. याच चित्रपटातील भारतातला प्रसंग आपल्या खालापूरजवळच्या हाळ गावी चित्रित झाला, हे फार थोड्यांना माहीत असेल. १९७८ मध्ये त्यांनी संयुक्त राष्ट्रांपुढेही हा विषय मांडला. तबकड्या परग्रहावरून येतात असा दावा मात्र त्यांनी ठामपणे कधी केला नाही. साक्षीदाराला वेडा ठरवण्याआधी तपास करा, एवढाच त्यांचा आग्रह होता.

त्यांच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी, १९९७ मध्ये, सीआयएच्या इतिहासकाराने लिहिले की पन्नाशीच्या अखेरीस आणि साठीच्या दशकात आलेल्या निम्म्याहून अधिक नोंदी यू-२ सारख्या गुप्त हेरविमानांच्या होत्या आणि ते लपवण्यासाठी लोकांना बर्फाचे स्फटिक, तापमानातील उलटापालट अशी नैसर्गिक कारणे सांगण्यात आली. निम्म्याहून अधिक हा आकडा अनेक अभ्यासकांना मान्य नाही.