डॉ. होमी भाभा आणि मोजायला शिकणारं यंत्र



३० ऑक्टोबरला डॉ. होमी भाभा यांची जयंती असते. गेल्या वर्षी माझ्या वर्गातल्या एका मुलीने भाषणात सांगितलं की भारतातला पहिला संगणक भाभांनी स्वतः बनवला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. रात्री घरी वाचत बसले तेव्हा लक्षात आलं, हे चूक आहे. आणि चूक त्या मुलीची नव्हती, भाषण लिहून देणाऱ्या बाईंची होती, म्हणजे माझीच. म्हणून यंदा नीट वाचून हा पाठ लिहिला आहे. तुम्हीही मुलांना भाषण लिहून देत असाल तर उपयोगी पडेल.

होमी जहांगीर भाभा यांचा जन्म १९०९ साली मुंबईत एका सधन पारशी घरात झाला. वडील वकील. आत्याचं लग्न टाटांच्या घरात झालेलं. घरात पुस्तकं, चित्रं, पाश्चात्त्य संगीताच्या तबकड्या, सगळं होतं. १९२७ मध्ये त्यांना केंब्रिजला पाठवलं ते मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकायला. मुलाने परत येऊन टाटांच्या पोलाद कारखान्यात काम करावं अशी घरच्यांची इच्छा होती. मुलाचं मन मात्र भौतिकशास्त्रात. वडिलांनी अट घातली: आधी इंजिनिअरिंग चांगल्या गुणांनी पास हो, मग तुझ्या आवडीचं शिक. होमींनी ते केलं आणि मगच गणित व भौतिकशास्त्राकडे वळले. पालकहो, मला ही तडजोड फार आवडते. आणि ते इंजिनिअरिंग वाया गेलं नाही, ते पुढे दिसेलच.

१९३९ मध्ये ते सुट्टीसाठी भारतात आले आणि दुसरं महायुद्ध सुरू झालं. परत जाता आलं नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत, सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली, त्यांनी विश्वकिरणांवर काम सुरू केलं. विश्वकिरण मोजायला गायगर काउंटर वापरत. कण नळीतून गेला की विजेचा एक ठोका पडतो. टक्, टक्, टक्. ठोके मोजायचे, झालं. इथे निसर्गच जणू आकड्यात बोलतो.

पण सगळ्या गोष्टी अशा ठोक्यात येत नाहीत. नागपूरच्या मे महिन्याचं घ्या. पारा ४४ वरून एकदम उडी मारून ४५ वर जात नाही, सरकत सरकत जातो. मधल्या प्रत्येक जागेवर तो क्षणभर का होईना असतोच. तापमान, दाब, पाण्याची पातळी, हे सगळं असंच अखंड बदलतं. याला अॅनालॉग म्हणतात. संगणकाला मात्र फक्त सुटे आकडे कळतात. दोघांची गाठ घालून द्यायला मध्ये कोणीतरी दुभाषी लागतो.

भाभांच्या आयुष्यात ही अडचण आली ती अणुभट्टीमुळे. १९४५ मध्ये त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू केली, १९४८ मध्ये ते अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले आणि ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भ्याला अप्सरा ही अणुभट्टी सुरू झाली. तिचं इंधन ब्रिटनमधून आलं होतं, हे मुलांना सांगायला लाजू नका. पण भट्टीवर लक्ष ठेवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आपल्या लोकांनी बनवली होती. ए. एस. राव हे त्या गटाचे प्रमुख. भट्टीजवळच्या संवेदकातून अगदी क्षीण विद्युतप्रवाह येतो, तो वाढवायचा, काट्यावर दाखवायचा, आणि काटा मर्यादेपलीकडे गेला तर नियंत्रण दांडे आपोआप खाली जाऊन भट्टी बंद झाली पाहिजे. इथे मोजण्यात चूक चालत नाही. अशी उपकरणं बाहेरून आणली तर बिघडल्यावर दुरुस्तीलाही बाहेरच्यांच्या तोंडाकडे बघावं लागेल. म्हणून ती इथेच बनवायची, असा भाभांचा आग्रह होता. मला वाटतं त्यांचं खरं मोठेपण या हट्टात आहे.

त्याच काळात टाटा संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुणांचा एक गट डिजिटल संगणक बांधत होता. १९६० मध्ये तो कामाला लागला, पुढे त्याचं नाव टिफ्रॅक पडलं. त्यात सुमारे २७०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या. भाभांनी माणसं निवडली, पैसा आणि मोकळीक दिली, बांधला मात्र त्या मुलांनी. माझ्या भाषणातली चूक ती हीच. टिफ्रॅक गणितं करायचा, पण त्याला आकडे माणसांनी आणून द्यावे लागत. भट्टी तापली की नाही हे त्याला स्वतःहून कळायची सोय नव्हती.

कारखान्यातल्या संगणकाला हे स्वतःहून कळावं लागतं. त्यासाठी जो दुभाषी बसवतात त्याला अॅनालॉग इनपुट मॉड्यूल म्हणतात. तो कसं काम करतो ते समजायला आपला भाजीवाल्याचा तराजू पुरे. एका पारड्यात संत्री ठेवा. दुसऱ्यात आधी सगळ्यात मोठं वजन ठेवा. पारडं खाली गेलं तर ते काढा, नाही गेलं तर राहू द्या. मग त्याच्या अर्धं. मग पाव. मग आतपाव. प्रत्येक वेळी प्रश्न एकच: ठेवू की काढू? ठेवलं तर १, काढलं तर ०. मॉड्यूलमध्ये संत्र्यांच्या जागी संवेदकाकडून आलेला व्होल्टेज असतो आणि वजनांच्या जागी ठरलेले छोटे छोटे व्होल्टेज. तोलणं चालू असताना संत्री कमीजास्त व्हायला नकोत, म्हणून आलेला व्होल्टेज तेवढा वेळ धरून ठेवणारा एक भागही त्यात असतो.

वर्गात हे चिंचोक्यांनी करा. ८, ४, २ आणि १ चिंचोक्यांच्या पुड्या बांधा. तराजूच्या दुसऱ्या पारड्यात कोणाला न सांगता ११ चिंचोके ठेवा. (सारख्या आकाराचे निवडा, नाहीतर फजिती होते. माझी झाली.) ८ ठेवला, राहिला. ४ ठेवला, पारडं खाली गेलं, काढा. २ राहिला. १ राहिला. फळ्यावर लिहा: १०११. चार पुड्यांत ० ते १५ असे १६ आकडे मोजता येतात. बारा पुड्या असल्या तर ४०९६. म्हणजे ० ते १०० अंश तापमान बारा पुड्यांनी तोललं तर एका अंशाचे साधारण ४१ तुकडे दिसतात. त्याहून बारीक फरक यंत्राला दिसत नाही. इथे एका मुलाने विचारलं, मॅडम, मग त्या दोन तुकड्यांच्या मधलं तापमान कुठे जातं? मी त्याला सांगितलं, ते सुटतं. किती सुटलेलं चालेल ते बनवणाऱ्याने आधी ठरवायचं असतं.

कारखान्यातली आणखी एक युक्ती मुलांना फार आवडते. संवेदक बरेचदा ४ ते २० मिलिअँपिअर इतका प्रवाह पाठवतो. सगळ्यात कमी मापालाही शून्य नाही, ४. का? शून्य आला की समजायचं, तार तुटली. वर्गात हजेरीला कोणी काहीच बोललं नाही तर आपण गैरहजेरी लावतो, तसंच.

१९६३ मध्ये सरकारने भाभांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. देशाला कोणती इलेक्ट्रॉनिक उपकरणं लागतील आणि ती इथे कशी बनवायची, याचा तिने अभ्यास केला. २४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्नाला निघालेल्या भाभांचं विमान माँट ब्लाँक पर्वतावर कोसळलं. वय अवघं ५६. पुढच्या वर्षी तुर्भ्याच्या केंद्राला त्यांचं नाव दिलं गेलं आणि त्याच वर्षी हैदराबादला इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन सुरू झालं. त्याचे प्रमुख होते अप्सरावाले ए. एस. राव.

१९६९ मध्ये तुर्भ्याला टीडीसी-१२ नावाचा संगणक तयार झाला. त्यातला बारा म्हणजे बारा बिट, आपल्या बारा पुड्या.