शांतिसागर जगद्गुरू श्रीसंत तुकाराम महाराज

आषाढी वारीत लोणी काळभोरचा मुक्काम आटोपून जगद्गुरू श्रीसंत तुकाराम महाराजांची पालखी यवतच्या वाटेला लागते, तेव्हा उरुळी कांचनच्या पुढे पुणे-सोलापूर रस्त्याने ती कासुर्डीच्या परिसरातून जाते. टाळ-मृदंगाचा गजर कानी पडताच शेतातील कामे बाजूस ठेवून आबालवृद्ध रस्त्याच्या कडेला येतात आणि पादुकांवर मस्तक ठेवून कृतार्थ होतात. आज ज्यांच्या पादुकांपुढे लक्षावधी लोक नतमस्तक होतात, त्या महापुरुषाला हयातीत स्वतःच्या गावात मार खावा लागला आणि स्वतःच्या हाताने आपल्या अभंगांच्या वह्या नदीत सोडाव्या लागल्या. विरोध करणाऱ्यांशी ते कसे वागले, हे त्यांच्या चरित्रातील अत्यंत मननीय प्रकरण आहे. येणाऱ्या भाविकांना त्याचा परिचय व्हावा, म्हणून ते येथे संक्षेपाने दिले आहे.

जन्म व घराणे

तुकोबारायांचा जन्म पुणे जिल्ह्यातील श्रीक्षेत्र देहू येथे झाला. जन्मवर्षाविषयी अभ्यासकांत मतभेद असले, तरी इ.स. १६०८ हे वर्ष सर्वसाधारणपणे मानले जाते. वडील बोल्होबा, माता कनकाई, थोरले बंधू सावजी व धाकटे कान्होबा. घरी शेती, व्यापार, सावकारी आणि बाजारपेठेची महाजनकी होती. पूर्वज विश्वंभरबाबांपासून घरात श्रीविठ्ठलाची उपासना व पंढरीची वारी चालत आली होती. महाराजांच्या प्रथम पत्नी रखुमाबाई यांना दम्याचा विकार असल्याने पुण्याचे सावकार आप्पाजी गुळवे यांची कन्या जिजाई, म्हणजेच आवली, यांच्याशी त्यांचा दुसरा विवाह झाला.

सुखाचे हे दिवस फार टिकले नाहीत. आईवडिलांचे छत्र हरपले, थोरली भावजय निवर्तली आणि विरक्त झालेले सावजी तीर्थयात्रेस निघून गेले. पाठोपाठ इ.स. १६३०-३१ चा भीषण दुष्काळ आला. गुरेढोरे गेली, व्यापार बुडाला, रखुमाबाई अन्नावाचून गेल्या आणि मुलगा संतूही गेला. ऐन तारुण्यात एवढे आघात सोसलेल्या या पुरुषाची शांती ही सुखवस्तू माणसाची शांती नव्हती, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे.

भावाभावांतील वाटणी

या आघातांनंतर महाराज भामनाथाच्या डोंगरावर जाऊन एकान्तात बसले. कान्होबा त्यांना शोधत तेथे पोहोचले. घरी परतण्यापूर्वी इंद्रायणीकाठी सावकारीच्या कर्जखतांचा प्रश्न निघाला. घर बुडालेले असता येणे असलेली रक्कम सोडून देणे कान्होबांना मान्य होण्यासारखे नव्हते. महाराजांना मात्र दुष्काळाने नागवलेल्या कुळांकडून वसुली करणे नको होते. हाच प्रसंग दुसऱ्या घरी भाऊबंदकीचा आरंभ ठरला असता.

महाराजांनी धाकट्या भावावर आपले मत लादले नाही आणि आपला निश्चयही सोडला नाही. कर्जखतांचे दोन समान भाग केले. कान्होबांचा भाग त्यांच्या स्वाधीन केला आणि आपल्या वाट्याचे कागद इंद्रायणीच्या डोहात सोडून दिले. त्याग करावयाचा तो आपल्या वाट्यातून करावा, दुसऱ्याच्या वाट्यातून नव्हे, हा न्याय त्यांनी पाळला. पुढे हेच कान्होबा त्यांच्या कीर्तनात साथीला उभे राहिले आणि स्वतःही अभंगरचना करू लागले.

गृहस्थाश्रमातील कसोटी

जिजाईंच्या तापट स्वभावाच्या अनेक कथा सांगितल्या जातात. एकदा कोणी शेतकऱ्याने महाराजांना उसाची मोळी दिली. वाटेत भेटलेल्या मुलांना ते ऊस वाटत आले आणि घरी पोहोचेपर्यंत एकच ऊस उरला. घरातील लेकरे उपाशी असता हे पाहून जिजाईंचा संताप अनावर झाला आणि त्यांनी तोच ऊस महाराजांच्या पाठीत मारला. त्याचे दोन तुकडे होताच, दोघांची वाटणी आपोआप झाली, असे म्हणून महाराज हसले, अशी ही आख्यायिका आहे.

मात्र ही कथा ऐकताना जिजाईंना केवळ कजाग ठरविणे अन्यायाचे होईल. पती भजनात रंगलेले असताना संसाराचा गाडा त्यांनीच ओढला. महाराज भंडारा डोंगरावर बसत, तेव्हा त्यांना जेवू घालण्यासाठी त्या भाकरी घेऊन डोंगर चढून जात. त्यांच्या रागामागे लेकरांची भूक होती. महाराजांच्या शांत राहण्यात या गोष्टीची जाणीव होती, उपेक्षा नव्हती.

मंबाजी गोसावी

देहूतच मठ करून राहणारे मंबाजी गोसावी यांना महाराजांची वाढती कीर्ती सहन होत नसे. विठ्ठलमंदिराजवळ त्यांची बाग होती व तिला काटेरी कुंपण होते. आप्पाजी गुळवे यांनी मुलीच्या घरी दूधदुभत्यासाठी दिलेली म्हैस एकदा त्या बागेत शिरली आणि तिने झाडांची नासधूस केली. मंबाजींचा राग धुमसत राहिला. पुढे एकादशीस प्रदक्षिणेच्या वाटेवर आलेले कुंपणाचे काटे भाविकांच्या पायांत रुतू नयेत म्हणून महाराजांनी बाजूस सारले. हे निमित्त होऊन मंबाजींनी काटेरी फांदीने त्यांना बेदम मारले.

महाराजांनी हात उगारला नाही, तसेच कोणाकडे फिर्यादही नेली नाही. त्या रात्री कीर्तनाची वेळ झाली, तेव्हा नेहमी येणारे मंबाजी आले नाहीत, हे त्यांच्या लक्षात आले. ते स्वतः मठात गेले, मंबाजींना नमस्कार केला आणि मारून मारून त्यांचे हात दुखले असतील म्हणून त्यांचे अंग चेपू लागले. काटे आपण हलविले म्हणून हा प्रसंग ओढवला, असे म्हणून दोषाचा वाटा त्यांनी आपल्याकडे घेतला आणि मंबाजींना सन्मानाने कीर्तनास आणले. अठराव्या शतकातील संतचरित्रकार महिपतीबुवा ताहराबादकर यांनी हा प्रसंग वर्णिला आहे.

येथे एक सूक्ष्म गोष्ट पाहण्याजोगी आहे. महाराजांनी अपमान विसरला, पण कीर्तन बंद ठेवले नाही. वाटेवरचे काटे बाजूस करण्याचे कामही त्यांनी चुकीचे मानले नाही. स्वतःचा मान त्यांनी सोडला, स्वतःचे कर्तव्य सोडले नाही.

वाघोलीचे रामेश्वर भट्ट

याहून कठीण प्रसंग पुढे आला. पुण्याहून शिरूर-नगरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील वाघोली येथे रामेश्वर भट्ट नावाचे विद्वान ब्राह्मण राहत असत. शूद्र मानल्या गेलेल्या घरातील मनुष्याने वेदांचा अर्थ प्राकृतात सांगावा, हे त्यांना मान्य नव्हते. अधिकाऱ्यांकडे तक्रार जाऊन महाराजांवर देहू सोडण्याची वेळ आली. त्यांनी गावात गट उभा केला नाही. ते थेट वाघोलीस गेले आणि रामेश्वर भट्टांना भेटले. पुढे अभंगरचना करू नये आणि झालेल्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्यात, असा निर्णय त्यांना ऐकावा लागला.

वह्यांना दगड बांधून त्यांनी त्या डोहात सोडल्या. काही वर्षांपूर्वी याच नदीत त्यांनी कर्जखते सोडली होती, तेव्हा मन हलके झाले होते. या वेळी मात्र जीवनाचे सर्वस्व गेले होते. लोकांचे टोमणे सुरू झाले. महाराज नदीकाठच्या शिळेवर अन्नपाणी वर्ज्य करून बसले. त्यांची तक्रार होती ती श्रीविठ्ठलाकडे, माणसांकडे नव्हे. तेराव्या दिवशी वह्या कोरड्या वर आल्या, अशी संप्रदायाची श्रद्धा आहे. ते अभंग तोपर्यंत गावोगावच्या लोकांच्या मुखी गेलेले होते, हेही तितकेच खरे. ती शिळा आजही देहू येथे पूजिली जाते. तेथील नूतन शिळामंदिराचे लोकार्पण १४ जून २०२२ रोजी झाले.

इकडे रामेश्वर भट्टांनी अनगडशहा नावाच्या फकिराच्या जागेतील पाण्यात स्नान केले आणि त्यांच्या अंगाचा दाह होऊ लागला. उपाय चालेना, तेव्हा ते आळंदीस श्रीज्ञानेश्वर महाराजांच्या समाधीपाशी अनुष्ठानास बसले. तुकोबांना शरण जावे, असा दृष्टांत त्यांना झाला. त्यांनी पत्र पाठविले. महाराजांच्या जागी दुसरा कोणी असता, तर त्याला मागील हिशेब आठवला असता. महाराजांनी मात्र चित्त शुद्ध झाले की वैरही उरत नाही, या आशयाचा अभंग लिहून पाठविला. तो वाचून भट्टांचा दाह शमला, असे चरित्रकार सांगतात. पुढे रामेश्वर भट्ट महाराजांचे शिष्य झाले. तुकोबारायांची जी आरती वारकरी आजही भक्तिभावाने म्हणतात, ती याच रामेश्वर भट्टांची रचना होय.

संत बहिणाबाईंची साक्ष

मात्र प्रत्येक विरोधकाचे असे परिवर्तन झाले नाही. महाराजांच्या शिष्या संत बहिणाबाई (१६२८-१७००) पतीसह देहूस येऊन राहिल्या होत्या. बहिणाबाईंनी ब्राह्मणेतर गुरू मानावा, हे त्यांच्या पतीलाही आरंभी रुचले नव्हते. पुढे त्यांचा राग निवळला. देहूत मंबाजींनी आपले शिष्यत्व घ्यावे असा आग्रह धरला व नकार मिळताच या कुटुंबाला छळले, त्यांच्या गाईलाही मारले, असे बहिणाबाईंच्या आत्मचरित्रपर अभंगांतून दिसते. म्हणजे महाराजांच्या शांतीने रामेश्वर भट्ट पालटले, तरी मंबाजींचा स्वभाव पुरता पालटला नाही. तरीही महाराजांनी आपला मार्ग बदलला नाही. समोरचा सुधारेल या हिशेबाने ते शांत राहत नव्हते. शांती हा त्यांचा स्वधर्म होता.

ही शांती दुर्बळाची नव्हती, हे त्यांचे अभंग सांगतात. ढोंग, दांभिकपणा व अन्याय यांवर त्यांनी अतिशय कठोर शब्दांत प्रहार केले. पण तो प्रहार दुर्गुणांवर असे. समोर माणूस उभा राहिला की त्याच्याविषयी मनात अढी नसे.

महानिर्वाण व पालखी सोहळा

फाल्गुन वद्य द्वितीयेस, इ.स. १६५० मध्ये, महाराजांनी वैकुंठगमन केले. ही तिथी तुकारामबीज म्हणून पाळली जाते. त्यांच्यानंतर जन्मलेले पुत्र नारायण महाराज यांनी इ.स. १६८५ मध्ये पादुका पालखीत ठेवून पंढरीस नेण्याची परंपरा सुरू केली. पालखी देहूहून निघाली की अनगडशहाबाबांच्या दर्ग्याजवळ थांबते आणि तेथे अभंग-आरती होते. जेथून दाहाची कथा सुरू झाली, त्याच नावापाशी आज आरती व्हावी, यात महाराजांच्या शिकवणीचे सार आले.

शेताचा बांध, घराची वाटणी, भावकीतील मानपान, दर्शनरांगेतील धक्काबुक्की, असे तंट्याचे प्रसंग प्रत्येकाच्या वाट्यास येतात. अशा वेळी आपला न्याय्य आग्रह जरूर ठेवावा, पण दुखावलेला अहंकार बाजूस ठेवावा. आपल्या हातून झालेली चूक आधी पाहावी आणि समेटासाठी पहिले पाऊल आपण उचलावे. मठाच्या दारी स्वतः चालत गेलेल्या तुकोबारायांचे स्मरण ठेवून भाविकांनी एवढे साधले, तर पादुकांचे दर्शन सफल झाले असे समजावे.

॥ ज्ञानोबा माउली तुकाराम ॥