लक्ष्मीबाई टिळक



मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र थोडक्यात लिहून द्यावे, असे मला सांगण्यात आले. मी काही लेखिका नव्हे. शिक्षण सातवीपर्यंतचे. पण वाचनाची आवड लहानपणापासून आहे, आणि लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ हे पुस्तक मी आजवर तीन वेळा वाचले आहे. शाळेचे तोंड नीट न पाहिलेल्या बाईने लिहिलेले हे पुस्तक मराठीत अजरामर झाले. म्हणून त्यांच्याविषयी लिहायला मलाही धीर आला.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूर गावी गोखल्यांच्या घरी झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. त्यांचे आजोबा सत्तावनच्या बंडात फासावर गेले. त्या धक्क्याने त्यांच्या वडिलांच्या मनात सोवळ्याचे विलक्षण वेड शिरले. बाहेरून आलेला जिन्नस, अगदी मीठसुद्धा, धुतल्याशिवाय घरात येत नसे. मुलांनी कुणाला शिवू नये, कुणाच्या सावलीत उभे राहू नये. अशा घरात ही मुलगी वाढली. शिवाशीव तिला कुणी शिकवावी लागली नाही, ती तिच्या अंगातच भिनली होती.

वयाच्या अकराव्या वर्षी त्यांचे लग्न नारायण वामन टिळकांशी झाले. टिळक मूळचे आपल्या कोकणातले. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी १८६१ साली त्यांचा जन्म झाला होता. मोठे विद्वान, संस्कृताचे जाणकार, हाडाचे कवी; पण स्वभाव उतावळा आणि पाय घरात न ठरणारा. हातात पैसा आला की तो मागणाऱ्याच्या ओंजळीत जायचा. घरात आज काय शिजणार याची काळजी सदैव लक्ष्मीबाईंना. नवऱ्यानेच त्यांना अक्षरओळख करून दिली. त्या ओळखीवर पुढे एवढे मोठे पुस्तक उभे राहील, हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनीही नसेल.

साधारण १८९३ च्या सुमारास टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने चालले होते. डब्यात एक गोरे गृहस्थ बसले होते. त्या काळचा साहेब म्हणजे आपल्या लोकांकडे ढुंकूनही न पाहणारा. हे गृहस्थ मात्र अदबीने बोलले, त्यांनी सरकून जागा दिली. काव्याच्या गोष्टी निघाल्या, मग धर्माच्या निघाल्या. उतरताना त्यांनी टिळकांना नवा करार भेट दिला आणि देवाची प्रार्थना करून हे वाचत जा, एवढे सांगितले. आपला धर्म वाईट, तुमचे देव खोटे, असे काही ते बोलले नाहीत. टिळकांना त्यांचे नावही ठाऊक झाले नाही. पण त्या दोन घटकांच्या सोबतीने एका मनुष्याचा जन्म पालटला. टिळकांनी पुस्तक उघडले, डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते थबकले, आणि पुढे १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईला त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

मला पुष्कळदा वाटते, त्या साहेबांना आपण केले काय याची कधी कल्पना तरी आली असेल का? आणि त्याच पुस्तकापायी एका बाईच्या संसाराचे काय झाले, हेही त्यांना कुठून कळणार?

कारण इकडे लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले होते. नवरा जिवंत, पण तो परधर्मात गेला. सवाष्ण असून निराधार. पदरात लहानगा दत्तू. नातेवाईक सांभाळत होते, त्याचबरोबर कानांवर नाना गोष्टी येत होत्या. पंढरपुरास बहिणीच्या आश्रयाला त्यांनी दिवस काढले. त्या दुःखातच त्यांना कविता सुचू लागली. चार-साडेचार वर्षे अशी गेली. टिळक पत्रे पाठवीत, भेटीस येत, परंतु धर्म बदल म्हणून त्यांनी पत्नीला धाक घातला नाही. शेवटी त्या आपण होऊन नवऱ्याकडे नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, राहावयास गेल्या. गेल्या त्या सोवळे बरोबर घेऊनच. स्वयंपाक निराळा, पाणी निराळे. ख्रिस्ती वस्तीत राहायचे आणि कुणाच्या हातचा घोट घ्यायचा नाही, अशी ती कसरत. टिळकांनी तीही मुकाट्याने चालू दिली.

आता मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट सांगते. लक्ष्मीबाईंना कुणाच्या व्याख्यानाने ख्रिस्ती केले नाही. त्या भोवतालच्या माणसांना रोज पाहत होत्या. ज्यांना त्या शिवत नव्हत्या, तीच माणसे त्यांच्याशी प्रेमाने वागत होती. एके दिवशी विचार करता करता त्यांच्या मनात आले की देवाने माणसे केली, जाती माणसांनी केल्या. मग आपण कुणाच्या आज्ञेने दूर उभ्या आहोत? एवढा एक विचार, पण त्याने बापाच्या घरापासून चालत आलेली गाठ सुटली. आधी त्यांनी जात सोडली आणि मग बाप्तिस्मा घेतला, १९०० साली. म्हणजे माणसाच्या हातचे पाणी आधी, धर्म नंतर.

त्यानंतरचे त्यांचे आयुष्य म्हणजे भरलेले घर. दुष्काळातली पोरकी मुले, शिकणारी मुले, वाट चुकलेली माणसे, जो येईल तो टिळकांकडे राही. प्लेगच्या साथीत सख्खे नातेवाईक दूर पळत, तेव्हा लक्ष्मीबाईंनी आजारी मुलींची शुश्रूषा केली. कवी बालकवी ठोंबरे नगरला त्यांच्या घरी राहिले ते मुलासारखे. त्यांचे हट्ट, रुसवे सगळे त्यांनी सोसले. बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत. पण म्हणून त्यांच्या ताटातली भाकरी कधी कमी पडली नाही. धर्म द्यायचा तो असा, घेणाऱ्यावर कसलेही ओझे न टाकता, असे मला वाटते.

टिळकांनी ख्रिस्ताची गाणी आपल्या अभंगांच्या चालीवर रचली. तुकोबांच्या वाटेनेच आपण येशूपाशी पोचलो, असे ते मानीत. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला, दोघांनाही त्यात जागा होती. १९१९ च्या मे महिन्यात मुंबईस त्यांचे देहावसान झाले. लक्ष्मीबाई खचल्या, परंतु बसून राहिल्या नाहीत. मुंबईत मुलींच्या वसतिगृहाचे काम पाहिले, पुढे मुलाबरोबर कराचीस राहिल्या, ख्रिस्तावर कीर्तनेही केली. टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांनीच पुढे लिहून पुरे केले. १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’ भागांनी प्रसिद्ध होऊ लागले आणि २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला त्यांनी डोळे मिटले.

हे चरित्र दिवेआगरच्या बायकांना कशाला, असे कुणी म्हणेल. मी हिंदू आहे आणि हिंदूच राहणार. पण माझ्या आजोळी मागीलदारी फळीवर एक कपबशी वेगळी उपडी घातलेली असे. ती कुणासाठी, हे आम्हा मुलांना कुणी सांगावे लागले नाही. ती कपबशी आता गेली. मात्र घरी उतरलेल्या पर्यटकांना ताट वाढताना मी अजूनही आधी आडनाव विचारते. का विचारते, ते माझे मलाच ठाऊक.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आपल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, घरांवरचे पत्रे उडाले. तेव्हा बाहेरगावांहून अनोळखी माणसे धान्य आणि ताडपत्र्या घेऊन आली. त्यांच्या हातची पिशवी घेताना आपण कुणी आडनाव विचारले होते का? आगगाडीतल्या त्या गृहस्थांसारखीच तीही आली आणि नाव न सांगता गेली.

म्हणून मंडळापुढे माझी एक लहानशी सूचना आहे. येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला फक्त ओळखीच्या घरांत बोलावणे न करता गावातल्या प्रत्येक आळीत, प्रत्येक वाडीत करावे. ज्यांच्यात कुंकू लावत नाहीत त्या बहिणींनाही बोलवावे, त्यांना तिळगूळ द्यावा, आणि विधवा बहिणींनाही वगळू नये. त्या येतील न येतील, बोलावणे तर जाऊ द्या. पहिल्या दिवशी मी स्वतः जाईन. सोबतीला कोण येणार, तेवढे कळवावे.