शीग काढणारी फॅनी

रील बघून तुम्ही केक करायला घेता. एक कप मैदा, पाऊण कप साखर. पण कप कुठला? होस्टेलवरचा कॉफीचा मग की घरून आणलेली वाटी? केक बसला की आपण खापर ओव्हनवर फोडतो. हाच गोंधळ सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत फॅनी फार्मर या बाईंनी मनावर घेतला होता.

फॅनीचा जन्म २३ मार्च १८५७ चा, बोस्टनचा. चार बहिणींत ती थोरली. मुलींनी शिकावं असं मानणारं घर होतं, त्यामुळे ती कॉलेजला जाणार हे जवळपास ठरलेलंच. पण सोळाव्या वर्षी पक्षाघाताचा झटका आला आणि शाळा सुटली. कित्येक वर्षं धड चालता येईना, पुढे चालू लागली तरी पाय कायमचा अधू राहिला. बरोबरीच्या मुली पुढे निघून गेल्या आणि ही घरात. विचार करा, तुमच्याच वयाची होती ती!

घरी राहून ती स्वयंपाकात रमली. तिशी गाठल्यावर तिने बोस्टन कुकिंग स्कूलमध्ये नाव घातलं. १८८९ मध्ये कोर्स संपवला, तिथेच शिकवू लागली आणि काही वर्षांत त्याच शाळेची मुख्याध्यापिका झाली.

त्या काळी पाककृतीत अंड्याएवढं लोणी, चहाचा पेलाभर पीठ अशी मापं असायची. आपल्याकडच्या चिमूटभर आणि अंदाजाने मीठ यांचीच ही भावंडं. आईच्या शेजारी उभं राहून शिकणाऱ्याला ती पुरतात. पण जिला शिकवायला कुणी नाही, तिने काय करायचं? फॅनीचं म्हणणं, माप असं हवं की अनोळखी माणसालाही जमलं पाहिजे. म्हणून ठरलेल्या मापाचा कप, ठरलेला चमचा, आणि वर आलेली शीग सुरीने सपाट करायची. मैदा आधी चाळायचा, मग चमच्याने कपात भरायचा. १८९६ मध्ये तिचं पुस्तक आलं. खपेल की नाही, अशी प्रकाशकाला धाकधूक होती, म्हणून पहिल्या ३,००० प्रतींचा खर्च तिलाच करावा लागला. पुढे त्याच्या लाखो प्रती खपल्या.

पण एक अडचण सपाट कपानेही सुटत नाही. कप जागा मोजतो, वजन नाही. अमेरिकन कप म्हणजे साधारण २३७ मिलिलिटर. त्यात साखर सुमारे २०० ग्रॅम मावते. मैदा मात्र हलक्या हाताने भरला तर सुमारे १२० ग्रॅम, आणि दाबून भरला तर १५० च्याही वर जातो. कप तोच, पण केक दगड! म्हणून कपाचे ग्रॅम करताना सगळ्या जिन्नसांना एकच आकडा लावून चालत नाही. प्रत्येकाचा आकडा वेगळा, आणि तो कप कसा भरला त्यावरही ठरतो. चाळून, चमच्याने भरण्याचा फॅनीचा आग्रह यासाठीच मोलाचा. युरोपात बहुतेक ठिकाणी काटा वापरतात, अमेरिकेत मात्र घरोघरी अजून कपच चालतो.

१९०२ मध्ये फॅनीने स्वतःची पाकशाळा काढली. आजाऱ्यांचा आहार हा तिचा जिव्हाळ्याचा विषय, कारण अंथरुणाला खिळणं म्हणजे काय हे तिला ठाऊक होतं. १९०४ मध्ये तिने त्यावर पुस्तक लिहिलं, हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयातही व्याख्यानं दिली. शेवटच्या वर्षांत चालणं थांबलं, तेव्हा चाकाच्या खुर्चीत बसून शिकवलं. जानेवारी १९१५ मध्ये ती गेली. शेवटचं व्याख्यान त्याआधी जेमतेम काही दिवसांचं.

तुम्ही एवढंच करा. तुमची नेहमीची वाटी घ्या. मैदा, रवा, साखर एकेक करून भरा, शीग काढा, काट्यावर ठेवा. रिकाम्या वाटीचं वजन वजा करून आलेला आकडा त्या त्या डब्यावर लिहून टाका. पुढच्या वेळी ग्रॅममधली रेसिपी आली की वाटीनेही भागेल, आणि रूममेटला सांगताना अंदाजाने घाल म्हणायची वेळ येणार नाही.